उशिरा येणाऱ्याची खुर्ची

मनात भीती आणि संशय घेऊन येणाऱ्या पोरापोरींच्या त्या गटात एक खुर्ची कायम रिकामी ठेवायचे, उशिरा येणाऱ्यासाठी. ती हळूहळू आपल्याकडे सरकतेय, असं गटातल्या धाकटीला दर वेळी वाटायचं.

"शंका आली की उठून पडताळायची," समुपदेशक ताई म्हणायच्या.

आज धाकटीने पक्कं ठरवलं होतं. काय व्हायचं ते होऊ दे! ती ताडकन उठली, समोर गेली आणि त्या खुर्चीत ठाण मांडून बसली.

काहीच झालं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिलाही हसू फुटलं.

टाळ्या थांबल्या. तिने सोडलेल्या खुर्चीशेजारच्या चष्मेवाल्याने, कुणाला तरी वाट द्यावी तसे, गुडघे बाजूला घेतले.

"ये, बस," ताई धाकटीच्या त्या सोडलेल्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "आज फारच उशीर केलास."