कच्चं डोकं

ब्याण्णव साली एरंडोलच्या मैदानावर धरणगावच्या शाळेनं कबड्डीची ढाल जिंकली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद ठेकेदार भिकनशेठला झाला. पोरांच्या बनियनी त्यानंच दिल्या होत्या. त्यानं जीपमधून दारूच्या बाटल्या काढल्या आणि पहिली कॅप्टन चुडामणच्या हातात ठेवली. "दहावीला आलास, आता मोठा झालास. घे!" सर दुसरीकडे पाहत राहिले.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढं आला. सदरा मळका, तोंडाला वास, हात थरथरणारे.

"शेठ, या पोरेस्ले देऊ नका. मी पंधरा वरीसना व्हतू, तवय मालेबी असंच कोणी कौतुकमा दारू पाजी. डोकं कच्चं व्हतं, ते कच्चंच राही गयं. यास्नं डोकं आजून घडी ऱ्हायनं."

"आता पेताड शिकवणार आम्हाला!" भिकनशेठ हसला. पोरंही हसली. चुडामणनं मात्र बाटली जीपच्या बॉनेटवर ठेवून दिली.

"कोण रे हा?" सरांनी विचारलं.

"कोणी नही, सर. मॅच देखाले उनू," असं घाईनं म्हणत तो माणूस वळला.

चुडामणनं धावत जाऊन त्याचा हात धरला आणि ताठ मानेनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सर, हाऊ मना बाप शे."

तीन वर्षं शाळेत तो सांगत आला होता, की बाप सुरतेला गिरणीत असतो.