उशिराची दिलगिरी

"आज संध्याकाळपर्यंत पेपरला हो म्हणायचंय," वेन्डी म्हणाली. "नाहीतर रविवारच्या अंकातली जागा गेली."

"जाऊ दे की," मामा म्हणाला. तो खिडकीत बसून मटार सोलत होता.

"मामा, सत्तरावा बर्थडे आहे तुझा. केक कोणीही देईल. मी तुला ऑफिशियली जिवंत करतेय."

एडना इस्त्री करत होती. ती वेन्डीची आई आणि मामाची मोठी बहीण. ती कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिली.

मरोळच्या गावठाणात ही गोष्ट ठाऊक नाही असं घर नसेल. अँथनी आणि ग्लेनरॉय, एडनाचे जुळे भाऊ, एकाच स्कूटरवरून येत होते. ट्रकने उडवलं. एक गेला, एक वाचला. म्हातारीचं, म्हणजे त्यांच्या मम्मीचं, हार्ट कमजोर आणि सगळा जीव अँथनीवर. दवाखान्यात पट्ट्यांत गुंडाळलेला मुलगा, म्हणजे हाच मामा, "मम्मी, मी अँथनी" म्हणाला, तेव्हा कुठे तिने दोन घोट पाणी घेतलं.

वर्ष झालं तेव्हा एडनाने रीतीप्रमाणे पेपरात स्मृतिदिनाची जाहिरात दिली. जुळ्यांचा फोटो कोणाचाही चालतो, त्यामुळे फोटोत काही बिघडलं नाही. पण खाली नाव छापून आलं 'अँथनी'.

सकाळी आठपासून लांबचे लोक भांडायला आले. माणूस वर्षापूर्वी गेला आणि आम्हाला आज पेपरातून कळतंय, हे काय वागणं झालं? पार्ल्याच्या एका बाईने पुष्पचक्र आणलं होतं, ते तिने परत नेलं. फूलवाल्याने घेतलं नाही, म्हणून पुन्हा आणून दिलं. वसईचा काका तर दारातच मामाच्या गळ्यात पडला. "ग्लेनरॉय, तुझा भाऊ गेला रे," म्हणून मोठमोठ्याने रडला. मामाही त्याला धरून रडला. हसू आवरेना म्हणून रडला, असं गावठाणात अजून सांगतात.

पेपरने दुरुस्ती कधी छापली नाही. एडना जिथे जाईल तिथे त्या पेपरला शिव्या घालायची. लग्न असो, बारसं असो, ती गोष्ट झाल्याशिवाय जेवण वाढत नसत. आधी अशा लग्नांत बँडमध्ये अँथनीचा कॉर्नेट, म्हणजे पितळी पिपाणी, असायचा. अपघातात दात हलले म्हणून तो बंदच झाला, पण गोष्टीने ती कसर भरून काढली.

वेन्डीने लायब्ररीतून त्या दिवशीच्या अख्ख्या अंकाची कॉपी काढून आणली होती. ती वाचायला लागली.

"ऐक हां. 'आज आकाश निरभ्र राहील.'"

"गुडघाभर पाणी होतं," मामा म्हणाला. "वसईचा काका पँट वर करून आलेला."

"'अंधेरीचा पूल दीड वर्षात पूर्ण.'"

"तेव्हा जन्मलेल्या पोराचं लग्न झालं त्या पुलाखाली."

"'मोबाइल फोन भारतात चालणार नाही, तज्ज्ञांचं मत.' आणि हे बघ, 'कांदा पुढच्या आठवड्यात स्वस्त.'"

"हे तर दर आठवड्याला छापतात."

"म्हणजे कळलं का, मामा? एक ओळ खरी नाही ह्या पेपरात. त्यातली एक तरी सुधारू दे ना मला."

मामाने शेंग उकलली. आत मटार नव्हते. त्याने ती तशीच वाटीत टाकली. "मजा आहे ना त्यात? दुरुस्ती छापली की गोष्ट संपली. मग मला लग्नाला कोण बोलावणार?"

"तू नुसता घाबरतोस. सेंट अँथनीच्या फेस्टला, तुझ्या नावाच्या संताच्या सणालासुद्धा, दरवर्षी गायब होतोस. स्वतःचं कौतुक झालेलं तुला चालतच नाही."

तेवढ्यात फोन वाजला. पेपरमधली श्रुतिका होती. वेन्डीने स्पीकर लावला.

"एडना आन्टी, नमस्कार. मजकूर वाचून दाखवते. 'त्या जाहिरातीत आमच्या चुकीने अँथनी यांचं नाव छापलं गेलं. निधन ग्लेनरॉय यांचं झालं होतं. अँथनी सुखरूप आहेत, त्यांना सत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.' झकास आहे ना? जाहिरात तुम्ही दिली होती, म्हणून फक्त तुमचा होकार हवाय."

एडनाने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"मम्मी, बोल ना," वेन्डी म्हणाली. "महिनाभर मागे लागलेय मी त्यांच्या."

मामाने भाचीकडे पाहिलं. मग बहिणीकडे. "हो म्हणून टाक, एडना. पोरीने एवढं केलंय. आता कोणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो," एडना म्हणाली.

"आन्टी? आवाज येतोय ना माझा?"

"येतोय, बाळा. छापू नका."

"पण चूक आमची होती, आन्टी. आमच्या साहेबांनी मान्य केलंय."

"तुमच्या साहेबांना सांग, उगाच माफी मागू नका. नाव मीच लिहून दिलं होतं. मी शिव्या घालत राहिले ते मम्मीसाठी. ती गेल्यावर मग सवय झाली. बाकीचं काय ते बघा, पण त्या दिवशी तुमच्या पेपरात तेवढं एक बरोबर होतं."

तिने फोन बंद केला. वेन्डी कॉपी हातात धरून उभी होती. एडनाने इस्त्री केलेला शर्ट झटकला आणि मामापुढे धरला.

"घाल," ती म्हणाली. "तुझ्या मापाचा करून घेतलाय, ग्लेनरॉय."