रोजच्या रेघा

संयोगितानं रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून अभ्यासासाठी आणलेले गोगलगायींचे शंख कराडच्या घरी टेबलावर मांडले. "आबा, ही जाड रेघ बघा. वर्षातनं एकदा गोगलगायीची वाढ थांबते, तेव्हा ही पडते."

फौजेतून निवृत्त झालेले नाथाजी हसले आणि लेकीला दाराच्या चौकटीपाशी घेऊन गेले. दरवर्षी सुट्टीवर आले की तिला तिथं उभी करून त्यांनी चाकूनं तिच्या उंचीची रेघ मारली होती. चांगल्या सतरा रेघा होत्या. "मग ह्यो बी शंखच की गं!"

"पण शंखात जाड रेघांच्या मधे बारीक रेघा असतात, आबा. भिंगातनं दिसतात. त्या रोजच्या."

नाथाजींनी चौकटीवरून बोट फिरवलं. दोन रेघांच्या मधलं लाकूड कुठे दोन बोटं, कुठे चार बोटं, नुसतं कोरं होतं. भाकरी थापत बसलेल्या बायकोकडे ते वळले. "आगं, मी नसताना तू का न्हाई मारल्यास रेघा?"

राहीबाईंनी परातीतून मान वर केली नाही. "मला कशाला लागत्यात रेघा? मी हितंच हुते की."