तळव्याखालचा गारवा

कट्! धागा पुन्हा तुटला.

बाबनरावांनी धोटा थांबवला. सकाळपासूनचा हा सातवा धागा. बाहेर नागपूरचा वैशाख पेटलेला. रविवारी जयाचं लग्न, आणि जयाचं लुगडं अजून मागावरच. या घरातली लेक बापानं विणलेल्या लुगड्यातच मांडवात उभी राही.

मागाखालच्या खड्ड्यात सोडलेले पाय त्यांनी इकडेतिकडे फिरवले.

"तो काही सापडून नाही राहिला वं," ते बायकोला, रुख्माबाईला म्हणाले.

"कोण जी?" नव्या सुनेनं, पुष्पलतानं विचारलं.

"बेडूक," रुख्माबाई म्हणाली. "खड्ड्यात राहते. तीस वर्षं पायाखालच्या पावड्या दाबून यांचे तळवे झाले चामड्याचे. ओलं-कोरडं समजत नाही. बेडूक पायापाशी असला, तर माती ओली. कोपऱ्यात सरकला, का मी पाणी शिंपते. माती कोरडी पडली, का सूत तुटलंच समज."

अंदाजानं बादली ओतावी, तर सुताची खळ भिजून उभा ताणा ढिला पडे.

पुष्पलताचा चेहरा उतरला. "मामाजी, मीच फेकला जी त्याले. परवा झाडताना. विहिरीपलीकडे."

बाबनराव खदखदून हसले. "माह्या मुकादमालेच काढून टाकलं पोरीनं!"

"मग आता तूच बस त्याच्या जागी," रुख्माबाई म्हणाली. "लाजतेस काहून? जयाचं लुगडं व्हाचं हाय."

पुष्पलतानं खड्ड्याच्या काठावर बसून पाय आत सोडले. आधी काहीच कळेना. तिनं डोळे मिटले. हळूहळू टाचेला भुसभुशीत ऊब लागली, अंगठ्याला गारवा. नुकत्या भरलेल्या माठासारखा मातीला वास होता. उजवीकडे दाट, डावीकडे विरत गेलेला.

"डावीकडे तहान लागली जी मातीले. एक गडवा पाणी द्या."

धोटा धावू लागला. दुपार झाली, धागा तुटला नाही. दुसऱ्या दिवशी तर डोळे मिटल्या मिटल्याच ती गुणगुणू लागली:

*मातीच्या कुशीमंदी पाणी निजलं गारगार,*
*तळव्यानं हाक देते, माय उघड तुझं दार.*

बाबनरावांच्या पावड्या त्याच तालावर पडू लागल्या.

शनिवारी लुगडं मागावरून उतरलं. मांडवात न्यायला रुख्माबाईनं माठ उचलला, तर तिवईखाली गलेलठ्ठ बेडूक.

"अवं माय! हा तर घरातच हाय!"

"हळू बोल," बाबनराव कुजबुजले. "पोरगी गुणगुणू लागली त्याच सांजी आला होता परत. मीच नेऊन ठेवला तिथं."

"आन् मग सांगितलं काहून नाही?"

"तीस वर्षं त्याचं गाणं ऐकलं. आता सुनेचं ऐकू दे ना!"