पाठीचा शेक

जवळ सरका मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मायेच्या हाताची एक गोष्ट सांगते.

आमची हेमांगी इस्पितळात प्रत्येक आजाराचा नि मृत्यूच्या कारणाचा ठरलेला आकडा, म्हणजे कोड, संगणकात भरते. परवा अनसूयाकाकू तिच्यासमोर येऊन बसल्या. कर्करोगाच्या कळा थांबाव्यात म्हणून यजमानांच्या पाठीला अफूच्या जातीच्या औषधाची पट्टी चिकटवलेली होती. तेच औषध जास्त होऊन ते गेले.

"पोरी, खरं सांग. कंटाळून त्यांनीच काही केलं का गं?"

कोड ठरवायला हेमांगीनंही डॉक्टरांना तेच विचारलं होतं, मुद्दाम की चुकून? उत्तर आलं होतं, चुकून. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यानं औषध एकदम अंगात भिनलं.

"नाही काकू. चुकून झालं."

काकूंनी हात जोडले. "देव पावला. मला टाकून नाही गेले. ते गेले त्या दुपारीसुद्धा मी पाठ शेकत होते, तर म्हणाले, आता बरं वाटतंय." मग त्या थबकल्या. "चुकून म्हणजे, कुणाच्या चुकीनं?"

"कोडमध्ये नाव नसतं, काकू," हेमांगी खाली बघत म्हणाली.

मंडळी, उद्या कुणाची पाठ शेकाल, तेव्हा आधी पट्टी चाचपा, आणि अनसूयाकाकूंना आठवा.