कार्डातलं नाव

"दुसरं बोट," शेठ म्हणाला, आणि बारक्याने कारागिराचा हात पुन्हा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये धरला.

"थांबा शेठ! हे मेमरी कार्ड असं एकट्याने उघडत नाही हो. काही कार्डं ज्या टॅबलेटमध्ये असतात, त्याच्याशीच बांधलेली असतात. तो टॅबलेट आणा, दोन मिनिटांत सगळे कागद उघडून देतो."

"टॅबलेट ट्रकखाली गेला," बारक्या म्हणाला. "मालकासकट."

आणि त्याने ड्रॉवर ढकलला.

कारागीर बोंबलला. पण शेजारी लोखंड कापायचं यंत्र चालू होतं, आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. बोंबलून कुणाला ऐकू जाणार होतं?

बारक्या नुसता नावाचा बारक्या. दारातून आडवा होऊन आत यावं लागेल असा गडी. गेल्या महिन्यात कारागिराने त्याच्या मोबाईलची काच बदलून दिली होती. काम आवडलं म्हणून आज त्यानेच शेठला इथे आणलं. कौतुक असंही अंगाशी येतं.

झालं होतं ते असं. शेठचे तीन ट्रक, भागीदाराच्या मालासकट, एकामागून एक पकडले गेले. नाक्यावरच्या अधिकाऱ्याला आतलंच कुणीतरी खबर देत होतं. अधिकारी सावध माणूस. घरात कागदाचा कपटा ठेवायचा नाही, सगळं टॅबलेटच्या कार्डावर. काल अधिकाऱ्याचा निकाल लागला, आणि टॅबलेटच्या चुऱ्यातून नखाएवढं कार्ड शेठने स्वतः वेचून घेतलं. आता त्यातलं नाव हवं होतं. शेठच्या भागीदाराने आपला धाकटा भाऊ सोबत पाठवला होता. नाव आमच्या माणसाच्या कानांनी ऐकू, असा निरोप होता. तो भाऊ स्टुलावर बसून सगळं निमूटपणे बघत होता.

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. एक वाजता कारागिराची बायको लेकीला शाळेतून घेऊन दुकानावर येत असे. रोज. मोडलेल्या बोटांपेक्षा कारागिराला त्या काट्याची जास्त धास्ती होती.

"द्या ते कार्ड," तो म्हणाला. "करतो काहीतरी."

डाव्या हाताने त्याने कार्ड दुकानातल्या टॅबलेटमध्ये सरकवलं. पडद्यावर अक्षरं उमटली. कार्ड कोरं आहे. वापरासाठी तयार करायचं का?

त्याला वाटलंच होतं. बांधलेलं कार्ड परक्या टॅबलेटला असंच दिसतं. पण हे या लोकांना सांगायचं म्हणजे तिसरं बोट, मग चौथं, आणि तेवढ्यात शटरखालून वाकून आत आलेली लेक.

"उघडलं का?" भागीदाराच्या भावाने विचारलं.

"उघडलं," कारागीर म्हणाला.

बारक्याने मान वळवून शेठकडे पाहिलं. शेठ दाराशी टेकून उभा होता, तिथून हलला नाही.

"मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत," तो कारागिराला म्हणाला. " तूच वाच. मोठ्याने."

देवच पावला, असं कारागिराला वाटलं. पण नाव कुणाचं घ्यायचं? या टोळीतल्या एकालाच तो ओळखत होता. दुरुस्तीवाल्याला गिऱ्हाइकाचा चेहरा आठवत नाही, नंबर मात्र पाठ असतो. बोटांतून कळ थेट खांद्यापर्यंत गेली आणि त्याचा निर्णय झाला.

"नाव लिहिलेलं नाही. खबर ज्या मोबाईलवरून यायची त्याचा नंबर आहे."

"सांग."

तो एकेक आकडा सावकाश बोलत गेला. भागीदाराचा भाऊ आपल्या मोबाईलवर तो दाबत गेला. दहावा आकडा पडला, आणि बारक्याच्या खिशात गाणं वाजायला लागलं.

बारक्या खिशाकडे असा बघत राहिला, जणू आत विंचू होता.

"शेठ, खोटं आहे हे! आईशप्पथ! ए, दाखव मला, कुठे लिहिलंय दाखव!"

त्याने टॅबलेटवर झेप घेतली. शेजारचं यंत्र किंचाळत होतं. शेठने मागून तीन गोळ्या घातल्या. बारक्या टेबलावर कोसळला, स्क्रू आणि बॅटऱ्या खळकन सांडल्या, आणि रक्त त्यांच्यावरून वाहत कारागिराच्या मांडीवर आलं. गाणं अजून वाजतच होतं.

एका निर्दोष माणसाचा जीव आपण घेतला हे कारागिराला कळत होतं, आणि तरी त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. त्याची त्याला फार लाज वाटली.

भागीदाराच्या भावाने फोन बंद केला आणि हात जोडले.

"माफ करा शेठ. आमच्या दादाचा संशय भलतीकडेच होता. आता मी स्वतः ऐकलं, मीच सांगतो त्याला. गाडी मागच्या दाराला लावतो."

तो गेला. यंत्र थांबलं. एकाला दहा कमी होते.

"शेठ, मी हे सगळं धुऊन टाकतो," कारागीर चिंधी शोधत म्हणाला. "कुणाला एक शब्द सांगणार नाही. फक्त माझी लेक यायच्या आत..."

शेठने टॅबलेट उचलला, हातभर लांबून पडद्यावरची ओळ वाचली आणि मान हलवली.

"कार्ड कोरं आहे, हे भागीदाराच्या भावाला ऐकवायलाच तर इथे आणलं होतं. तेवढं बोलला असतास तर वाचला असतास रे," तो हळहळून म्हणाला आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायची वाट पाहू लागला. "सकाळीच मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं ते, माझं नाव होतं त्यात."