दुसऱ्या दिवसाचा व्हिडिओ

"डुंबरे, उजवा हात वर करा बघू," आमच्या कारखान्याचे मॅनेजर घोलपसाहेब म्हणाले आणि मी तो पार कानाला टेकेपर्यंत उचलला.

छातीचं ऑपरेशन होऊन दुसराच दिवस होता. कारखान्यात लोखंडी प्लेटांची थप्पी अंगावर पडून बरगड्या फुफ्फुसात घुसल्या होत्या. पण पाठीत बसवलेल्या बारीक नळीतून औषध चालू होतं, त्यामुळे उजवी बाजू बधिर होती. डॉक्टर म्हणाले होते, "आत्ता खुशाल खोका, हात हलवा. नळी काढली की दुखेल." साहेबांनी मोबाइल समोर धरला. "जरा हसा की! लाइनवरची पोरं काळजीत आहेत, त्यांना दाखवतो." मी हसलो आणि पुन्हा हात वर केला.

नळी निघाली, दुखणं आलं, ते पाच महिने झाले तरी गेलेलं नाही. शर्टाची बाही चढवायला बायको लागते. म्हणून बसून करायचं काम मागितलं, तर ऑफिसात बोलावून मला तोच व्हिडिओ लावून दाखवला.

"साहेब, तेव्हा ही बाजू बधिर केलेली होती. नळी तुम्ही स्वतः बघितली होती."

"यात कुठे दिसतेय नळी?" घोलपसाहेबांनी विचारलं.

खरंच दिसत नव्हती. दिसत होता तो माझा चेहरा. लग्नाच्या फोटोतही तो इतका खुललेला नाही. बावीस वर्षांत साहेब पहिल्यांदाच माझी चौकशी करायला आले होते.